तुले कोनी सांगं? ग्रुपवर काही टाकण्याआधी, कोणाबद्दल काही बोलण्याआधी काय काय बघायचं

२०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत पत्र्यापर्यंत कापूस भरलेला होता. आदल्या हंगामात भाव दहा हजाराच्या वर गेलेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता त्यामुळे गिरणाकाठच्या आमच्या गावात जवळपास प्रत्येक घरी हीच परिस्थिती, कोणी विकायला तयार नाही. त्यात मला एक मेसेज आला की फेब्रुवारीत कापूस बारा हजार जाणार, खाली "बाजार अभ्यासक" एवढंच लिहिलेलं, नाव नाही तारीख नाही. मी तो गावच्या ग्रुपवर टाकला आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, "पक्की माहिती आहे, घाई करू नका." हे वाक्य मेसेजमध्ये नव्हतं, ते माझं होतं.

शेजारच्या आप्पांचा व्यापाऱ्याशी साडेआठ हजाराने सौदा जवळजवळ झालेला, तो त्यांनी माझा मेसेज वाचून परत फिरवला. पुढे भाव उतरतच गेला, उन्हाळ्यात सात हजाराच्या आसपास आला, घरात साठवलेल्या कापसाने लहान लेकरांच्या अंगाला खाज सुटली, आणि जूनमध्ये बियाण्याला पैसे पाहिजे म्हणून आप्पांनी मिळेल त्या भावात वीस क्विंटल देऊन टाकला. क्विंटलमागे दीड हजार धरले तरी तीस हजार रुपये गेले. आप्पा मला याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आजपर्यंत नाही.

त्यानंतर मी स्वतःला काही सवयी लावून घेतल्या, त्या इथे लिहितो. यातली कुठलीच गोष्ट अवघड नाही आणि एकालाही पैसे लागत नाहीत, फक्त पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं आणि तेच आपल्याकडून होत नाही.

सगळ्यात पहिली सवय म्हणजे आपल्या अहिराणीतला साधा प्रश्न, तुले कोनी सांगं? कोणी काहीही सांगितलं की हा विचारायचा, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की ज्याने सांगितलं त्याने स्वतः पाहिलं का. बहुतेक गोष्टी या दुसऱ्या प्रश्नाला अडतात. "मामांनी सांगितलं", मामांना कोणी सांगितलं, "त्यांच्या साल्याने", साल्याने पाहिलं का, "नाही, त्याच्या ग्रुपवर आलं होतं." म्हणजे तीन माणसांची नावं घेतली तरी पाहिलेलं कोणीच नाही. भांडायच्या सुरात विचारू नका, समोरच्याला वाटतं आपल्याला खोटं पाडताहेत. सहज विचारायचं, जसं आपण विचारतो की हे बियाणं कुठून आणलं.

मग स्वतःच्या बोलण्याला लेबल लावायला शिकायचं. मी आता ग्रुपवर काहीही लिहिलं तर सुरुवातीलाच "मी पाहिलं", "ऐकलंय" किंवा "माझा अंदाज" यापैकी एक शब्द टाकतो. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटलं, आता आमच्या ग्रुपवर चार-पाच जण तसंच करतात. फायदा असा की "ऐकलंय" लिहिताना हात आपोआप थांबतो, की अरे नुसतं ऐकलेलं आहे तर टाकायचं कशाला. २०२२ ला मी "माझा अंदाज" लिहिलं असतं तर आप्पांनी सौदा फिरवला नसता असं मला मनापासून वाटतं, कारण अंदाज प्रत्येकाकडे होता, त्यांना वजन पडलं ते "पक्की" या शब्दाचं.

आणि ज्याची खात्री नाही तिथे सरळ म्हणायचं, माले माहीत नही. आपल्याकडे हे म्हणायची लाज वाटते, चार माणसांत बसलेलो असताना कोणी काही विचारलं की उत्तर दिलंच पाहिजे असं वाटतं, शिकलेल्या माणसाला तर जास्तच. मी शाळेतल्या पोरांना सुद्धा बघतो, माहीत नाही म्हणण्यापेक्षा काहीतरी ठोकून देतात कारण घरी दारी तेच बघितलंय.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय असं कोणाला वाटत असेल तर राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरत आलेली. त्याआधी कितीतरी दिवस मोबाईलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं, पाचही जणांना. मुलं पळवणारं कोणीच नव्हतं. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात असा, तो मुळात पाकिस्तानात कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेला होता आणि शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवटचा भाग कोणीतरी कापला आणि उरलेला पुढे ढकलला. ज्यांनी ढकलला त्यातल्या बहुतेकांना वाटलं असणार आपण लोकांना सावध करतोय, मलाही कापसाच्या वेळी तसंच वाटलं होतं. चांगल्या मनाने पाठवलं म्हणून मेसेज खरा होत नाही, हे मी राईनपाड्याच्या बातम्या वाचताना समजून घ्यायला पाहिजे होतं, तेव्हा नाही घेतलं.

आता मोबाईलमध्ये नेमकं काय बघायचं ते सांगतो. मेसेजच्या वर एक बाण आणि "फॉरवर्डेड" दिसत असेल तर ते समोरच्याने लिहिलेलं नाही, दुसऱ्याकडून आलंय. दोन बाण दिसले तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय, आणि असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, ही मर्यादा एप्रिल २०२० पासून आहे. (त्याआधी राईनपाड्याच्या महिन्यातच भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली होती.) पण लोकांनी यातून पण वाट काढलीय, मेसेज कॉपी करून नव्याने पेस्ट करतात म्हणजे बाण जातो आणि वाटतं यांनीच लिहिलंय. म्हणून बाण नसला म्हणजे खरं असं समजू नका. कोणी कॉपी करून टाकताना दिसलं तर त्याला सांगा की दादा, निदान वर लिही की हे आलेलं आहे, माझं नाही.

फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाकायचा, हाच फोटो आधी कुठे आणि कधी आला होता ते बऱ्याचदा निघतं. दर पावसाळ्यात एकच पूल वाहून गेल्याचा फोटो वेगवेगळ्या नदीच्या नावाने येतो, कधी गिरणा, कधी पांझरा, कधी तापी. व्हिडिओ असेल तर आवाज नीट ऐका, माणसं कुठली बोली बोलताहेत, दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाडीच्या नंबरची सुरुवातीची अक्षरं काय आहेत. आपल्याकडची घटना असेल तर गाडीवर एमएच १८, १९ किंवा ३९ कुठेतरी दिसेलच ना.

कापसाच्या भावाचं मात्र नीट सांगतो कारण इथे आपल्या घरातले पैसे जातात. भावाचा मेसेज आला की त्यात बाजार समितीचं नाव आणि तारीख आहे का बघा, नसेल तर तो वाचायचाच नाही. असेल तर पणन मंडळाच्या वेबसाईटवर त्या दिवसाचा त्या बाजार समितीचा दर मिळतो. तिथे आवक दिलेली असते आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर असतात. मेसेजवाले कायम कमाल दर उचलतात. कमाल दर दोन-चार गाड्यांना सुद्धा मिळालेला असू शकतो, आपल्या मालाला काय मिळेल याचा अंदाज सर्वसाधारण दरावरून येतो. हमीभाव तर सरकार जाहीर करतं, २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये, त्यात कोणाच्या मेसेजची गरज नाही. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, घालायचा असेल तर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, १२ च्या वर घेत नाहीत. आणि यूट्यूबवरचा तो व्हिडिओ, "कापूस भावात मोठी उसळी?" असा, त्यातलं प्रश्नचिन्ह बघा. प्रश्नचिन्ह आहे म्हणजे त्यांच्याकडे उत्तर नाही, उत्तर असतं तर सरळ लिहिलं असतं. रावेर-यावलकडे केळीवाल्यांचं पण तेच, बऱ्हाणपूरचा भाव म्हणून कुठला तरी परवाचा आकडा फिरत असतो आणि बागेत उभं राहून व्यापारी तोच दाखवतो, तारीख विचारा.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. आपण व्यापाऱ्याच्या काट्यावर चिडतो ते बरोबरच आहे, पण वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे आपल्यातच आहेत, आणि मग तोच माणूस संध्याकाळी पारावर बसून सगळे चोर आहेत म्हणून सांगतो. मी कोणाचं नाव घेत नाही, पण आपला काटा आधी सरळ असला तर दुसऱ्याचा बघायला जोर येतो.

पावसाचं आणि नदीचं थोडक्यात. हवामान खात्याचे इशारे जिल्ह्यानुसार असतात आणि तारखेनुसार असतात, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. "उद्या खान्देशात महापूर" असा इशारा ते कधीच देत नाहीत. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले किती उघडले आणि किती पाणी सोडलं हे जलसंपदा विभाग आकड्यानिशी सांगतो, गिरणा धरणाचं पण तसंच. आकडा आणि वेळ नसलेला मेसेज आला तर तो पाठवू नका, पण स्वतः पाण्याची मोटार नदीतून काढून घ्यायला काय हरकत आहे. म्हणजे सावध राहायला खात्री लागत नाही, दुसऱ्याला घाबरवायला मात्र लागते.

सरकारी योजनेच्या लिंकवर तर हात लावण्याआधी पत्ता वाचा. लाडकी बहीणच्या केवायसीच्या वेळी किती खोट्या लिंक फिरल्या. त्या योजनेच्या खऱ्या साईटचा पत्ता महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असाच संपतो, मध्ये नाही, शेवटी. आपल्या माय-बहिणींना हे एकदा मोबाईल हातात घेऊन दाखवा, सांगून लक्षात राहत नाही. केंद्र सरकारच्या नावाने काही आलं असेल तर पीआयबी फॅक्ट चेक म्हणून त्यांचाच विभाग २०१९ पासून आहे, तिथे विचारता येतं, पण तो केंद्र सरकारबद्दलच्याच गोष्टी तपासतो आणि सरकारचाच आहे हे पण ध्यानात ठेवा.

आता पेपर. लोक म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवर काहीपण येतं पण पेपरात छापून आलं म्हणजे खरं. मी पण तसंच समजायचो. छापून आलेल्याला एक फायदा नक्की आहे, की त्याला बाप असतो. पेपरच्या कुठल्यातरी पानाच्या तळाला बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण ते लिहिलेलं असतं, ते लिहिणं १८६७ च्या कायद्यापासून बंधनकारक होतं आणि तो कायदा जाऊन आता २०२३ चा नवीन आलाय. म्हणजे चुकीचं छापलं तर कोणाला धरायचं ते माहीत असतं. यूट्यूब न्यूज चॅनलवाल्याच्या हातात नुसता माईक असतो, त्याचा पत्ता विचारला तर तोच नसतो.

पण पेपर वाचायची पण एक रीत आहे. बातमीत "बोलले जात आहे", "चर्चा रंगली आहे", "संशय व्यक्त होत आहे", "सूत्रांनी सांगितले" असं आलं की पेन घेऊन त्याखाली रेघ मारा आणि विचारा, कोण बोलतंय, कोणी व्यक्त केला. रेघ मारलेली वाक्यं वगळून बातमी परत वाचा. कधी पूर्ण बातमी तशीच राहते, कधी फक्त गावाचं नाव आणि तारीख उरते. मी हे माझ्या पोरीसोबत रविवारी करतो, तिला मजा येते आणि आता ती माझ्याआधी रेघ मारते.

दुसरं, एकच बातमी तीन पेपरात शब्दाला शब्द सारखी आली तर ती कोणी शोधलेली नाही, कोणीतरी लिहून पाठवलेली आहे, प्रेसनोट. तिसरं, कार्यक्रमाच्या बातमीत जर व्यासपीठावरच्या वीस जणांची नावं असतील आणि कार्यक्रमात काय बोललं गेलं ते एका ओळीत असेल तर ती बातमी कोणासाठी छापलीय ते समजून घ्या. आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी ही सरळ सरळ जाहिरात असते, कोपऱ्यात बारीक "जाहिरात" लिहिलेलं असतं किंवा नसतं पण.

यात तालुक्याच्या बातमीदाराला शिव्या देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या माणसाला मानधन किती मिळतं ते विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी पेट्रोलला पुरत नाही, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच पंधरा ऑगस्टची जाहिरात मागायला जायचं, कसा लिहिणार तो. आणि जाहिरात देणारे कोण, आपलेच सरपंच, आपलेच संस्थाचालक, आणि आपण सुद्धा पोराच्या सत्काराची बातमी छापून आणायला त्याच्याच घरी जातो. निवडणुकीत तर २००९ च्या विधानसभेच्या वेळी महाराष्ट्रातच पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी बाहेर काढलं, वेगवेगळ्या पेपरात एका उमेदवाराचं शब्दशः तेच कौतुक आलं होतं. त्यावर पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने चौकशी केली. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर पेड न्यूज बघायला समिती असते, तुम्हाला अशी बातमी दिसली तर कात्रण घेऊन तिथे तक्रार करता येते, फार कमी लोक करतात.

तुमच्याबद्दल किंवा गावाबद्दल पेपरात चुकीचं आलं तर आधी संपादकाला लेखी पत्र द्या, काय चुकलंय आणि बरोबर काय आहे, पुराव्याची झेरॉक्स जोडा, पोच घ्या. दुरुस्ती नाही छापली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार जाते, दैनिक आणि साप्ताहिकाला छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. प्रेस कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देतं, ताशेरे ओढतं एवढंच, तरी पण मी म्हणेन करा. लेखी गेलेली गोष्ट बातमीदाराच्या पण लक्षात राहते.

गावातल्या पैशाच्या गोष्टी वेगळ्या. "रस्त्याचे पैसे खाल्ले" हे वाक्य प्रत्येक गावात प्रत्येक सरपंचाबद्दल म्हटलं जातं, कधी खरं असतं कधी नसतं, पण ते पारावर म्हणून काही होत नाही. ई-ग्रामस्वराज साईटवर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च बघायला मिळतो, मोबाईलवर. पुढचं पाहिजे असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, २००५ चा कायदा आहे, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. त्यात इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. मग टेप घेऊन रस्ता मोजा. मग ग्रामसभेत उभं राहून बोला, तिथे बोललेलं लिहिलं जातं. हे सगळं केल्यावर जर निघालं की पैसे बरोबर खर्च झालेत तर तेही तितक्याच मोठ्याने सांगायची तयारी ठेवा, नाहीतर चौकशी करूच नका.

सगळ्यात अवघड मला जे वाटतं ते आता. स्थळाची चौकशी. आपल्याकडे लग्न जमवताना लोक त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतात, की भाऊ तुमच्या गावचा अमक्याचा मुलगा कसा आहे हो. हा फोन मला वर्षाला दहा-बारा वेळा येतो. शेतकऱ्याच्या पोरांना मुली मिळत नाहीत, पस्तिशी ओलांडलेली पोरं गावोगाव आहेत, त्यामुळे दबाव असतो की चांगलंच सांग, कशाला मोडता घालतो. आणि समोर कोणाची तरी पोरगी आयुष्यभरासाठी जाणार असते. मी आधी "घर चांगलं आहे" म्हणून मोकळा व्हायचो. एकदा असं म्हणून बसलो आणि ती पोर वर्षभरात माहेरी परत आली, मुलगा पितो हे मला माहीत होतं. तिच्या वडलांनी मला नंतर एकदा बाजारात पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेले, मान मी घालायला पाहिजे होती.

आता मी असं करतो. आधी विचारतो की तुम्हाला नेमकं काय पाहिजे, शेती, नोकरी, स्वभाव, व्यसन. शेतीचं मी सांगतच नाही, म्हणतो गट नंबर घ्या आणि सातबारा स्वतः ऑनलाईन बघा, सहीचा उतारा पंधरा रुपयाला निघतो, त्यात किती वाटेकरी आहेत आणि बोजा किती आहे ते पण दिसतं. नोकरीचं, "पुण्याला कंपनीत आहे" एवढ्यावर थांबू नका, पर्मनंट आहे की ठेकेदाराकडे ते त्यांनाच विचारा. व्यसनाचं, मी जे पाहिलं तेच आणि किती वेळा पाहिलं ते सांगतो. "मी त्याला दोनदा पिलेला पाहिलाय, एकदा लग्नात आणि एकदा पोळ्याला, रोज पितो का ते माले माहीत नही." यात त्या मुलावर अन्याय पण होत नाही आणि मुलीच्या बापापासून लपवलं पण जात नाही. आणि मुलीच्या चारित्र्याबद्दल कोणी विचारलं तर मी काहीच ऐकलेलं सांगत नाही, अजिबात नाही. कोणाशी बोलताना दिसली, मोबाईलवर असते, असल्या गोष्टींनी किती पोरींची शाळा सुटली आणि घाईने लग्नं लागली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्या गोष्टी सांगणाऱ्यातल्या एकाने पण स्वतः काही पाहिलेलं नसतं.

मोठ्या माणसाने ग्रुपवर खोटं टाकलं तर काय करायचं हे खूप जण विचारतात. ग्रुपवर "नाना हे फेक आहे" असं लिहू नका, नाना दुखावतात आणि मग हट्टाला पेटून अजून चार मेसेज टाकतात. फोन करायचा. "नाना, तुम्ही टाकलेलं वाचलं, मी जरा बघितलं तर तो फोटो चार वर्षांपूर्वीचा निघतोय, तुम्हीच एक ओळ टाका ना, तुमचं लोक ऐकतात." दहापैकी सात-आठ वेळा नाना टाकतात. धर्माच्या जातीच्या भांडणाचा मेसेज असेल तर मात्र फोन करून वाट बघत बसायची नाही, अ‍ॅडमिन असाल तर आधी डिलीट करा आणि मग फोन करा. नाना रागावले तर रागावू द्या.

आणि आपलं स्वतःचं चुकलं तर? नुसतं डिलीट करून गप्प बसू नका. दोन-अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट होतं, पण ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून होत नाही. जिथे टाकलं होतं तिथेच लिहायचं, काय टाकलं होतं, काय चुकलं आणि बरोबर काय आहे. "गैरसमज झाला असल्यास" वगैरे नाही, गैरसमज लोकांचा झाला नव्हता, आपण चुकीचं सांगितलं होतं. कोणाचं नुकसान झालं असेल तर त्याच्या घरी जायचं. मी आप्पांकडे जायला सव्वा वर्ष लावलं. गेलो, सांगितलं की आप्पा ते "पक्की माहिती" मी माझ्या मनाने लिहिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, विषय ठिबकच्या नळ्यांवर नेला.

मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर बिबट्याचा मेसेज आला, नदीकडच्या शिवारात दिसला म्हणून, सोबत फोटो, दोन बाण. ज्याने टाकला त्याला फोन केला, तुले कोनी सांगं, तो म्हणे शेजारच्या गावच्या ग्रुपवर आलं. तिथल्या ओळखीच्याला लावला, त्याने तिसऱ्याचं नाव सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं की फोटो कुठला ते माहीत नाही पण ओल्या वाफ्यात पायाचे ठसे त्याने खरोखर पाहिलेत. मग वन विभागाच्या १९२६ नंबरवर कळवलं, दुसऱ्या दिवशी वनरक्षक आले, मी सोबत गेलो. ठशांत नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. त्यांनी सांगितलं बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, हे कुत्र्याचे आहेत. मी ग्रुपवर लिहिलं: मी पाहिलं, नदीकडच्या वाफ्यातले ठसे वनरक्षकांनी तपासले, कुत्र्याचे आहेत, फोटो कुठला ते समजलं नाही.

थोड्या वेळाने आप्पांचा मेसेज आला. त्या आठवड्यात आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची होती. त्यांनी विचारलं, "मग रातले पाणी भराले जाऊ का?"

मी लिहिलं की आप्पा, ते ठसे कुत्र्याचे आहेत एवढं मला माहीत आहे, बिबट्या शिवारात नाहीच हे मला माहीत नाही, अकरा वाजता निघू, मी पण येतो, बॅटरी माझ्याकडे आहे.